भांडं लसणाचं, नाव कॉफीचं

माझ्या ओट्याच्या वरच्या फळीवर एक मातीचं भांडं आहे. पोट फुगलेलं, गळा आखूड, एका बाजूला कान. बाहेरून विटेच्या रंगाचं, गळ्याभोवती पांढरी चार-चार पाकळ्यांची फुलं, आणि आतून काचेसारखं चकचकीत. घरी आलेलं माणूस हमखास विचारतं, "हे कुठलं गं?" मी सांगते, मेक्सिकोचं, कॉफी करायचं भांडं आहे. मग ते माणूस टाचा उंचावून आत डोकावतं. आत लसूण असतो.

यावर काय बोलावं ते समोरच्याला कळत नाही, आणि मीही सहसा विषय बदलते. आज सांगून टाकते.

मी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघते. 2016 साली कंपनीने मला दोन वर्षांसाठी पुएब्लाला धाडलं. मेक्सिको सिटीपासून सवाशे-एक किलोमीटरवर हे शहर. मोटारींचा मोठा कारखाना तिथे असल्यामुळे पिंपरी-चाकणकडची माणसं अधूनमधून तिथे उगवत असतात. मला राहायला जागा मिळाली ती एका जुन्या घराच्या गच्चीवरची खोली. खाली घरमालकीण, सत्तरीच्या घरातली, एकटी. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे आणि मनातल्या मनात मावशी. त्या मला पहिल्या दिवसापासून "मीहा" म्हणू लागल्या. मीहा म्हणजे माझी पोर. भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला मीहा म्हणते हे मला पुढे कळलं, पण तोपर्यंत मी विरघळून झाले होते.

पहिल्या रविवारी सकाळी जिन्यातून एक वास वर आला. गूळ वितळतोय, दालचिनी उकळतेय, आणि त्यामागे काहीतरी करपल्यासारखं, पण हवंसं. संक्रांतीच्या दिवसांतलं स्वयंपाकघर आणि आमच्या कोपऱ्यावरचं उडप्याचं हॉटेल यांची कुणीतरी मोट बांधली होती. मी खाली गेले. मावशी गॅसपाशी उभ्या होत्या, समोर मातीचं भांडं.

"कॅफे दे ओया," त्या म्हणाल्या.

स्पॅनिशमध्ये दोन एल जोडीने आले की य होतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी आदल्याच दिवशी एका पाटीवर वाचून त्याला 'ओल्ला' म्हणून मोकळी झाले होते. ओया म्हणजे हंडी, मडकं. तेव्हा कॅफे दे ओया म्हणजे मडक्यातली कॉफी. आणि त्या मडक्याचंच पुढे त्रांगडं झालं.

मावशींची कृती मी दोन वर्षं दर रविवारी पाहिली. मोजमाप असं नव्हतंच. भांडंभर पाणी, साधारण लिटर. त्यात पिलोन्सियो. म्हणजे आपला गूळच, फक्त ढेपेऐवजी बोथट सुळक्याच्या आकारात पाडलेला, काळपट आणि दगडासारखा टणक. मावशी खलबत्त्याचा बत्ता घेऊन तो फोडत. तिकडचा खल काळ्या ज्वालामुखी दगडाचा, तीन पायांचा, त्याला मोल्काहेते म्हणतात. बत्त्याचा एक घाव, मग दुसरा, आणि गुळाचा एखादा खडा उडून फ्रिजखाली. दर रविवारी एक तरी खडा फ्रिजखाली जायचाच. मग दालचिनीची बोटभर काडी, दोन लवंगा, लहर लागली तर संत्र्याच्या सालीचा तुकडा. हे सगळं आठ-दहा मिनिटं मंद उकळायचं. गूळ पुरता विरघळला की कॉफीची भरड पूड दोन मुठी टाकायची. दोन मुठी मावशींच्या. माझ्या मुठीने अडीच होतात. एक उकळी वर येऊ द्यायची आणि गॅस बंद. वर झाकण.

आणि मग थांबायचं. पूड तळाला बसेपर्यंत हात लावायचा नाही. घाई असेल तर वरून गार पाण्याचा एक हबका. पूड खाली जाते, अगदी शिस्तीत. मला हे पाहायला फार आवडायचं. वर तरंगणारा चॉकलेटी साका थंड पाणी पडताच गांगरल्यासारखा फुटायचा आणि कडेकडेने बुडायचा.

"किती वेळ थांबायचं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. क्वालिटीवाली ना.

"आओरीता," मावशी म्हणाल्या.

शब्दकोशात या शब्दाचा अर्थ 'आत्ता लगेच' असा दिलाय. मेक्सिकोत दोन महिने काढलेल्या कुणालाही विचारा. आओरीता म्हणजे आपल्या प्लंबरचं "निघालोच आहे ताई".

दुधाचा प्रश्न मी दुसऱ्या रविवारी काढला. आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधाचीच. चिकोरीवाली पूड, अर्ध्याहून जास्त दूध, चांगली साखर आणि वरून किसलेलं जायफळ. बाबा म्हणायचे, कॉफीने झोप जाते, जायफळाने येते, मग तुमच्या आईला नेमकं हवंय तरी काय? म्हणजे कॉफीत मसाला पडलेला पाहून मला नवल वाटायचं कारण नव्हतं. आपल्याकडे ते पिढ्यान् पिढ्या चाललंय. नवल होतं ते बिनदुधाचं. मावशींनी चेहरा असा केला, जणू मी वरणात साय घालायला मागितली होती. पण त्या घालत नाहीत यामागे एक साधा हिशेब आहे, आणि गुळाचा चहा करणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला तो पाठ असतो. गूळ घालून दूध उकळलं की ते फाटतं. गुळाची कॉफी काळी पिणं केव्हाही शहाणपणाचं.

पिलोन्सियोवरून एक आठवलं. स्पॅनिशमध्ये पिलोन म्हणजे साखरेचा मोठा सुळका, आणि पिलोन्सियो म्हणजे छोटा पिलोन. पण मेक्सिकोत पिलोन या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलाय. दुकानदार माल मोजून झाल्यावर वरून जे फुकट टाकतो, ते पिलोन. पूर्वी वाणी गिऱ्हाइकाला जाताना गुळाचा खडा हातावर ठेवत, त्यावरून हे आलं म्हणतात. मंडईत भाजी घेऊन झाल्यावर आपण "कोथिंबीर टाका की जरा" म्हणतो ना, तेच. पुएब्लाच्या बाजारात मी पहिल्यांदा "इ मी पिलोन?" म्हटलं, तेव्हा त्या बाईने दोन हिरव्या मिरच्या पिशवीत टाकल्या. आपल्याला स्पॅनिश येतं असं मला खऱ्या अर्थाने तेव्हा वाटलं.

त्याच बाजारात चिकू दिसले. तिथे त्यांना चिकोसापोते म्हणतात. हा शब्द तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेतला, आणि आपला चिकू हे त्याचंच शेपूट. फळ त्यांचं, नावही त्यांचं, आणि आपण घोलवडचे म्हणून मिरवतो. मिरवावेतही. तिथले मी खाऊन पाहिलेत.

दालचिनीचा प्रवास बरोबर उलटा. तिथे तिला कानेला म्हणतात, आणि ती असते खरी सिलोनी. श्रीलंकेच्या दालचिनीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक कोण, तर मेक्सिको. ही काडी हातात घेतली की फरक लगेच कळतो. कागदाच्या पातळ सुरळ्या एकात एक घातल्यासारखे पदर, बोटांनी चुरडली की भुगा होतो. आपल्या किराणा दुकानात दालचिनी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा कॅशिया असतं. जाड साल, एकच वळण, दाताने तुटत नाही, चव तिखट आणि दांडगी. बिर्याणीत ती शोभते. कॉफीत ती पाहुणी म्हणून येते आणि यजमान होऊन बसते. परत आल्यावर मला सिलोनी जातीची दालचिनी सापडली ती कोकणात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची जात काढली आहे, आणि नारळी-पोफळीच्या सावलीत ती छान येते. आजोळची मामी आता वर्षाला एक पुडकं पाठवते.

"कानेला तुमच्याकडूनच येते ना?" मावशींनी एकदा विचारलं.

"शेजारून," मी म्हटलं. "आम्ही वरच्या मजल्यावर राहतो असं समजा."

त्यांना हे फार आवडलं. पुढच्या रविवारी त्या मला गावातल्या जुन्या जेझुइट चर्चमध्ये घेऊन गेल्या. तिथे एका बाईची समाधी आहे. जन्मनाव मिर्रा, मोगल मुलखातली पोर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवलं, कोचीनला नेलं, तिथून मनिला, आणि मनिलाहून जहाजात घालून अकापुल्कोला. पुएब्लाच्या एका व्यापाऱ्याने तिला विकत घेतलं. काटारीना दे सान हुआन या नावाने ती याच गावात जगली आणि 1688 साली इथेच वारली. लोक तिला चीना पोब्लाना म्हणतात, पुएब्लाची चिनीण. तेव्हा पूर्वेकडून येणारं झाडून सगळं चिनीच. मनिला ते अकापुल्को ही जहाजं 1565 पासून 1815 पर्यंत, अडीचशे वर्षं चालली. रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि माणसं. मेक्सिकोत एका आंब्याला अजून 'मनिला' म्हणतात. मावशींनी तिथे एक मेणबत्ती लावली आणि मला कोपराने ढोसलं. म्हणजे तूही लाव. मी लावली. कुणासाठी आणि कशासाठी, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

या कॉफीच्या जन्माची जी गोष्ट सगळे सांगतात ती क्रांतीच्या दिवसांतली. 1910 ला पोर्फिरिओ दियासच्या राजवटीविरुद्ध मेक्सिको पेटला, आणि पुढची दहा वर्षं फौजा देशभर फिरत राहिल्या. फौजेबरोबर बायका असायच्या. स्वयंपाक करणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या, वेळ आली तर बंदूक चालवणाऱ्या. त्यांना सोल्दादेरा म्हणत, आणि गाण्यांतून त्यांचं लाडकं नाव झालं आदेलिता. रात्रीच्या पहाऱ्याला माणसं जागी राहावीत म्हणून त्या चुलाणावर मातीच्या भांड्यात कॉफी, गूळ आणि दालचिनी एकत्र उकळायच्या, असं सांगतात. मावशी ही गोष्ट रंगवून सांगायच्या, दर वेळी एक तपशील वाढवून. मला ती पुरती पटत नाही. कॉफी अठराव्या शतकाच्या शेवटी मेक्सिकोत पोचली, ऊस तर स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्याच शतकात आला, आणि मडकी त्याहून कितीतरी जुनी. ज्या घरात हे तिन्ही होतं, तिथल्या बाईने ते एकत्र करायला क्रांतीची वाट पाहिली असेल?

पण पुएब्लात राहून ती गोष्ट सरळ झटकूनही टाकता येत नाही. क्रांतीचा पहिला गोळीबार याच गावात झाला, 18 नोव्हेंबर 1910 ला, सेर्दान भावंडांच्या घरात. ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी पोलीस दारात आले. आकिलेस, माक्सिमो आणि बहीण कार्मेन मूठभर लोकांना घेऊन लढले. दोघे भाऊ मेले. घराचं आता संग्रहालय झालंय, आणि दर्शनी भिंतीवरची गोळ्यांची भोकं तशीच ठेवलीत. माझ्या खोलीवरून बाजाराकडे जाताना मी त्या भोकांसमोरून जायचे. हातात पिशवी, पिशवीत पिलोन्सियो.

कॉफी मात्र मावशी बाजारातून घेत नसत. त्यांचा भाचा डोंगरातून आणायचा, कुएत्सालानहून. पुएब्ला राज्याच्या उत्तरेच्या डोंगरातलं हे गाव, सतत धुक्यात आणि पावसात. मी एकदा गेले तेव्हा पहिला विचार आला, ही आंबोली आहे. उतारावर उंच झाडी आणि तिच्या सावलीत कॉफी. नाहुआ शेतकऱ्यांची एक मोठी सहकारी संस्था तिथे आहे, तोसेपान तितातानिस्के, 1977 पासूनची. कॉफीबरोबर ते एक जाडसर मिरीसारखा मसाला पिकवतात आणि नांगी नसलेल्या इवल्या माशांचा मध काढतात. माशांची घरं कशी, तर एकावर एक उपडी ठेवून जोडलेली दोन मडकी. इथेही मडकंच. मी तिथली कॉफी प्यायले, संस्थेच्याच कँटीनमध्ये. ती स्टीलच्या मशीनमधून आली होती आणि उत्तम होती.

आता ती रात्र. 19 सप्टेंबर 2017. मेक्सिकोत 1985 साली याच तारखेला प्रचंड भूकंप झाला होता, त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी सराव असतो. त्या दिवशी अकरा वाजता आम्ही सगळे कारखान्याच्या आवारात रांगेत उभे राहिलो, हजेरी दिली, हसत-खिदळत परत आत गेलो. 1 वाजून 14 मिनिटांनी खरा आला. 7.1 मॅग्निट्यूडचा, केंद्र पुएब्ला आणि मोरेलोसच्या सीमेवर, म्हणजे आमच्या उशाशी. त्याचं वर्णन मी करणार नाही, मला ते नीट आठवतही नाही. आठवतो तो छताच्या पत्र्यांचा आवाज, आणि सकाळच्याच रांगेत अगदी सकाळच्याच जागी उभी असलेली मी.

संध्याकाळी चालत घरी पोचले. गल्लीत वीज नव्हती. मावशींच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली होती. कुणीही आत झोपायला तयार नव्हतं. खुर्च्या, गाद्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळं रस्त्यावर. कुणीतरी कोळशाची शेगडी पेटवली आणि कुणीतरी घरातून एक मोठं निळं पातेलं आणलं, पांढऱ्या ठिपक्यांचं इनॅमलचं. लग्नाकार्यात आणि मयतीत काढतात ते. मेक्सिकोत माणूस गेलं की रात्रभर जागरण असतं, पुढे नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना, आणि येणाऱ्या प्रत्येकाला कॉफी आणि गोड पाव. त्यासाठीचं हे पातेलं, पंधरा-वीस लिटरचं. ज्याच्या घरात जो पिलोन्सियो होता तो त्यात पडला. मावशी आत जायला निघाल्या, शेजाऱ्यांनी धरलं, त्या ओरडल्या की माझी कानेला दारामागेच आहे. शेवटी एक पोरगा धावत जाऊन डबा घेऊन आला.

रात्री दोनला पुन्हा जमीन हलली, हलकीच. पातेल्यातल्या कॉफीवर गोल गोल वळ्या उठल्या. सगळे त्या वळ्यांकडे पाहत राहिले. मग एक म्हातारा म्हणाला, चला, ढवळायचं काम वाचलं. आणि अख्खी गल्ली हसली, नको तितकी.

मी परत निघाले तेव्हा मावशींनी मला त्यांचा ओया दिला. नवा नव्हे, वापरातला. "हा माणसाळलेला आहे," म्हणाल्या. नवं मातीचं भांडं तिथेही आधी माणसाळवावं लागतं. रात्रभर पाण्यात ठेवायचं, बाहेरून लसूण चोळायचा, मग पाणी उकळून टाकून द्यायचं. कोकणात नव्या तवलीत तांदळाचं धुवण उकळतात, त्यातलाच प्रकार. मी तो शालीत गुंडाळला आणि पुएब्लापासून पुण्यापर्यंत, दोन विमानं बदलत, मांडीवर घेऊन आणला. सुरक्षा तपासणीत तीन वेळा उघडून दाखवला. एका अधिकाऱ्याने आत नाक घालून वास घेतला आणि हसून सोडून दिलं.

पुण्यात आल्यावर पंधरा दिवसांत मी एक मूर्खपणा केला. किंवा शहाणपणा. मेक्सिकोतल्या दुकानांत मातीच्या भांड्यांवर 'शिसेमुक्त' अशा चिठ्ठ्या मी दोन वर्षं पाहत होते, पण मनावर घेतलं नव्हतं. इथे पसारा आवरताना तशीच एक चिठ्ठी एका कपाच्या बुडाला चिकटलेली दिसली आणि डोक्यात किडा शिरला. मेक्सिकोत मातीच्या भांड्यांना आतून जी पारंपरिक चकाकी देतात तिला ग्रेता म्हणतात. ती असते शिशाची. आपल्याकडे जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात मुरदाडशिंग म्हणून जो प्रकार मिळायचा, तीच वस्तू. खेड्यातल्या लाकडाच्या भट्टीत आच फार चढत नाही, त्यामुळे ते शिसं काचेत पक्कं मुरत नाही. त्यात आंबट काही शिजवलं की ते सुटून अन्नात उतरतं. टोमॅटो, लिंबू. आणि कॉफीही आंबट असतेच. मोठ्या माणसांना ते वाईट, लहान मुलांच्या मेंदूला फारच वाईट.

तपासायच्या काड्या ऑनलाइन मिळतात. काडीचं टोक ओलं करायचं आणि आतल्या बाजूला अर्धा मिनिट घासायचं. शिसं असेल तर टोक गुलाबी होतं. मी ओट्यापाशी उभी राहून घासलं. आधी काही नाही. मग टोकाच्या कडेला, लाजल्यासारखा, रंग आला. दुसरी काडी घेतली. तीही गुलाबी. माझं सगळं करिअर रिजेक्ट मालावर शिक्के मारण्यात गेलंय, पण तो शिक्का मारायला मला दोन दिवस लागले. रक्ताची तपासणी करून घेतली, ती ठीक निघाली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. म्हणून लसूण. सुका, सालासकट.

मावशींना सांगायची हिंमत झाली नाही. फोनवर त्या विचारायच्या, "ओया वापरतेस ना?" मी म्हणायचे, "रोज." हे खोटंही नव्हतं.

मग मडक्यातल्या कॉफीसाठी मडक्याचा शोध सुरू झाला. पहिला प्रयोग सासूबाईंच्या तवलीत. छान जुनी, काळी कुळकुळीत, आत कसलीही चकाकी नाही. पण मालवणहून आलेल्या त्या तवलीने आयुष्यभर बांगड्याचं तिखलं केलं होतं, आणि मातीला विसरणं ठाऊक नसतं. दालचिनी, लवंग, गूळ, कुएत्सालानची शेवटची पूड आणि मागून बांगडा. नवऱ्याने अर्धा कप संपवला. संसार टिकतात ते असे.

दुसरा प्रयोग नव्या भांड्यात. कुंभारवाड्यात गेले.

"ताई, कशासाठी हवंय? दही का कालवण?"

"कॉफी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे, मग मागे बसलेल्या बायकोकडे. "कॉफी म्हणतायत," त्यांनी तिला कळवलं.

"मग झाकणाचं द्या," ती म्हणाली. प्रश्न मिटला.

त्या भांड्यातली कॉफी पहिल्या चार-पाच वेळा पहिल्या पावसाची लागली. मग तो वास गेला आणि राहिली नुसती कॉफी. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं ते उशिरा आलं. मावशींच्या ओयाला आतून काचेचा लेप होता. त्यातल्या कॉफीला मातीची चव लागणार कुठून? लागायची ती माझ्या डोक्यात. मडकं एक मात्र खरोखर करतं. गॅस बंद केल्यावरही ऊब धरून ठेवतं, त्यामुळे पूड सावकाश बसते. बाकी सगळं नावातलं.

आणि तरीही माझी कॉफी कडू होत होती. गूळ त्याच प्रमाणात, म्हणजे लिटरला शंभर ग्रॅम. कोल्हापुरी पिवळा गूळ सोडून काळपट, बिनरसायनाचा आणला, कारण पिलोन्सियोला जो किंचित जळका, मळीचा सूर असतो तो त्यातच सापडतो. दालचिनी मामीची. पूड चिकमगळूरची, भरड, चिकोरीचा कण नसलेली. कृती मावशींची, पायरीन् पायरी. तरी घशाशी कडू. दोन वर्षं मी पुडीला दोष दिला.

उत्तर सापडलं ते तूरडाळीत. पुएब्लात माझी डाळ शिजायची नाही. कुकरशिवाय दीड-दीड तास गॅसवर ठेवली तरी दाणा टचटचीत. तेव्हा मी कारखान्यातल्या पोरांना कारण समजावून सांगितलं होतं, फळ्यावर आकृती काढून. पुएब्ला समुद्रसपाटीपासून 2,100 मीटरच्या वर आहे, कळसूबाईच्या माथ्याहूनही पाचेकशे मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण 93 अंशांवरच उकळतं. पुण्यात 98. म्हणजे मावशी कॉफीला जी खळखळून उकळी द्यायच्या, ती मुळात बेतशीर तापमानाचीच होती. कॉफीवाले नेमकं तेवढंच सांगतात, नव्वदच्या थोडं वर. मी पुण्यात तशीच उकळी दिली की पूड पाच अंश जास्त भाजून निघत होती. डाळीला जे कळलं ते मला कळायला दोन वर्षं लागली.

आता मी मसाल्याचं पाणी खुशाल उकळते, दालचिनीला ते मानवतं. मग गॅस बंद. मनात शंभर आकडे मोजते, तेवढ्यात मुलगी येऊन काहीतरी विचारते, पुन्हा पहिल्यापासून मोजते. मग पूड, झाकण, पाच मिनिटं. गार पाण्याचा हबका. गाळणं. भांडं कुठलंही. बहुतेक वेळा स्टीलचं, कारण ते हाताशी असतं.

गेल्या डिसेंबरात आई आली होती. तिने एक घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाली, "जायफळ नाही घातलंस?" मी मेक्सिको, परंपरा वगैरे सुरू केलं, तोवर तिने किसणी काढलीसुद्धा. मला नाइलाजाने सांगावं लागतंय की चांगली लागली.

तेवढ्यात मावशींचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन आईच्या हातात दिला. आईला स्पॅनिश येत नाही, मावशींना मराठी नाही, दोघी एकाच वेळी मोठमोठ्याने बोलत होत्या. मावशी "ओया, ओया" म्हणाल्या. आईला तेवढंच कळलं. मी हातवारे करीपर्यंत ती फोन घेऊन फळीपाशी पोचली, भांडं खाली काढलं, आणि पाहुण्यांना दाखवतात तसं कौतुकाने तिरकं करून आत कॅमेरा धरला.

लसूण.

पलीकडे शांतता. मी फोन घेतला आणि सगळं सांगून टाकलं. काड्या, गुलाबी रंग, मुलगी. मावशींनी ऐकून घेतलं. त्यांची आई त्याच भांड्यातली कॉफी पिऊन नव्वद वर्षं जगली, असं एकदा म्हणून पाहिलं. मग जरा थांबून म्हणाल्या की नातीच्या शाळेत डॉक्टर आले होते, तेही असंच काहीतरी सांगत होते.

"मग तुम्ही आता कशात करता कॉफी?" मी विचारलं.

त्या उठल्या. कॅमेरा छताकडे, पंख्याकडे, त्या चिरेवरच्या गिलाव्याकडे गेला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात इन्स्टंट कॉफीची बाटली होती, अर्धी संपलेली.

"आणि रविवारी?"

"रविवारीसुद्धा. ओया घासायला कोण बसतंय, मीहा?"